फोटो एक, चर्चा दहा ठिकाणी: कॉमेंट एका नोंदीखाली कशा आणायच्या

सातारा जिल्ह्यातल्या एका ब वर्ग वाचनालयाच्या ग्रंथपालांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "वाचनालयाकडचे जुने फोटो, काही हस्तलिखितं आणि कीर्तन-भाषणांच्या कॅसेटी आम्ही डिजिटल केल्या. फोटो विकिमीडिया कॉमन्स या विकिपीडियाच्या मोफत चित्रसंग्रहावर आणि फेसबुक पेजवर टाकले, कॅसेटी यूट्यूबवर, हस्तलिखितं इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावर. लोक ते उचलून आणखी कुठेकुठे टाकतात, व्हॉट्सॲपवर तर फिरतातच. माहिती चांगली येते, पण सगळी विखुरलेली. कार्यकारिणी म्हणते, आपल्या वेबसाइटवर कॉमेंट बॉक्स करा आणि सगळ्यांना तिथेच लिहायला सांगा, नाहीतर सगळीकडच्या कॉमेंट आपोआप ओढून आणणारं सॉफ्टवेअर घ्या. काय करावं?"

दोन्ही सूचना सध्या बाजूला ठेवा. कॉमेंट बॉक्स करायला हरकत काही नाही, पण तो रिकामा राहील. माणूस रात्री जेवणं झाल्यावर भावकीच्या ग्रुपवर फोटो बघतो, त्यात त्याला चुलते दिसतात आणि तो तिथल्या तिथे लिहितो, "डावीकडचे आमचे आण्णा." त्याला तुम्ही सांगणार की आमच्या साइटवर या, ईमेल टाका, पासवर्ड ठरवा आणि मग हेच पुन्हा लिहा. तो "बरं" म्हणेल आणि येणार नाही. सॉफ्टवेअर विकायला कोणी आलं तर त्याला एवढंच विचारा, व्हॉट्सॲपचं काय करणार? आपल्याकडची बरीचशी उपयोगी माहिती तिथेच असते आणि तिथे कुठलंही सॉफ्टवेअर पोचत नाही.

सांगली-मिरज भागातल्या घरगुती आणि संस्थांच्या संग्रहांचं हे काम मी करत आलोय. त्यावरून सांगतो, अडचण कॉमेंट दहा ठिकाणी असण्याची नाहीच. त्या दहा चर्चा एकाच फोटोबद्दल आहेत हे ओळखायची खूण नसते, ती खरी अडचण. म्हणून कॉमेंट गोळा करण्याआधी एक काम करावं लागतं, आणि ते ग्रंथपालाला नवीन नाही.

तुमच्या दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक आहे. फोटोंना आहे का? बहुतेक ठिकाणी नसतो. स्कॅन करणाऱ्या मुलानं फाइलला जे नाव दिलं तेच राहतं, 'आयएमजी २०४३' नाहीतर 'जुना फोटो फायनल नवीन'. आधी प्रत्येक वस्तूला एक क्रमांक द्या आणि तो कधीही बदलू नका. त्या क्रमांकात अर्थ भरू नका. वर्ष, गाव, व्यक्ती असं काही त्यात घालायचा मोह होतो, पण कॉमेंटमधून नेमकं तेच बदलणार असतं. 'कराड १९५२' असा क्रमांक दिलात आणि तो फोटो इस्लामपूरचा १९५८ चा निघाला, की क्रमांकच खोटा ठरतो. वाचनालयाची दोन-तीन अक्षरं आणि पुढे चार-पाच आकडे, एवढं पुरे. फोटोच्या मागे मजकूर असेल तर ती बाजूही त्याच क्रमांकाखाली घ्या, पुढे 'मागील' लिहून. अल्बम असेल तर पान आणि पानावरचा फोटो असे उपक्रमांक द्या.

आकडे मराठी की इंग्रजी हे एकदाच ठरवा. शोधताना बऱ्याच ठिकाणी यंत्राला मराठी चार आणि इंग्रजी चार ही दोन वेगळी चिन्हं वाटतात. मी क्रमांकापुरते इंग्रजी आकडे वापरतो, कारण ग्रुपवर टाइप करणारेही क्रमांक बहुधा त्याच आकड्यांत लिहितात.

आता हा क्रमांक फोटोबरोबर प्रवास करायला हवा. फाइलच्या आत माहिती भरायची सोय असते आणि ती जरूर भरा, पण तिच्या भरवशावर राहू नका. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि आतली माहिती गळून पडते. फेसबुकही जवळपास सगळी काढून टाकतं. त्यामुळे फेसबुक आणि व्हॉट्सॲपसाठीच्या प्रतीत फोटोच्या खाली एक पांढरी पट्टी जोडा, तिच्यावर वाचनालयाचं नाव, क्रमांक आणि नोंदीच्या पानाचा छोटा पत्ता किंवा क्यूआर कोड छापा. पट्टी फोटोच्या बाहेर हवी. फोटोवर आडवं नाव टाकलं की लोक चिडतात आणि ते पुसायच्या मागे लागतात. बाहेरची पट्टी कापणारेही असतात, पण बहुतेक जण तसाच पुढे ढकलतात. कॉमन्सवर मात्र पट्टीवाली प्रत टाकू नका, तिथे असल्या छापाचं स्वागत होत नाही. तिथे वर्णनाच्या साच्यात दाखल क्रमांकाची वेगळी जागा आहे, ती भरा आणि फाइलच्या नावाच्या शेवटीही क्रमांक घाला.

नोंदीचं पान म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. एका क्रमांकाला एक साधं पान, त्यावर फोटो आणि आजवर कळलेली माहिती. त्या पानाचा पत्ता मात्र टिकला पाहिजे. डोमेनचं नूतनीकरण चुकलं की छापलेले सगळे क्यूआर कोड मेले. ज्यांना आणखी पक्कं काम करायचंय त्यांच्यासाठी 'आर्क' नावाची कायमच्या ओळखक्रमांकांची पद्धत आहे, तिच्यात संस्थेला स्वतःचा क्रमांक फुकट मिळतो. वाचनालयाला हे आज लागेलच असं नाही.

आता एकेका ठिकाणाकडे वळू.

कॉमन्सवर तुम्ही कॉमेंट शोधत बसलात तर फार काही सापडणार नाही. तिथली मंडळी बोलत नाहीत, सरळ दुरुस्ती करतात. कोणी वर्णनातलं गावाचं नाव बदलतो, कोणी फोटो नव्या वर्गात (कॅटेगरीत) टाकतो, कोणी चित्रावरच चौकोन काढून "हे अमुक" अशी टीप ठेवतो. म्हणजे तिथला इतिहासाचा टॅब हीच कॉमेंटची वही. तुमच्या सगळ्या फायलींचा एक वर्ग करा, त्या वर्गाचे 'संबंधित बदल' उघडा, की सगळे बदल एका यादीत दिसतात. फाइल कुठल्या विकिपीडियांवर वापरली गेली तेही तिथे कळतं. मराठी विकिपीडियाच्या लेखात तुमचा फोटो गेला असेल तर त्या लेखाचं चर्चा पानही अधूनमधून बघा, वाद तिथे होतात.

इंटरनेट अर्काइव्हवर कॉमेंट नसतात, तारे देऊन लिहायचे 'रिव्ह्यू' असतात. एखाद्या पोथीला तीन तारे देऊन खाली कोणी लेखनिकाचं घराणं सांगून जातो. तारे सोडा, मजकूर घ्या. त्या वस्तूची सगळी माहिती तिथून एका फाइलमध्ये मिळते, तिच्यात रिव्ह्यूही येतात.

यूट्यूबच्या कॉमेंट यंत्रानं काढणं सगळ्यात सोपं. यंत्राच्या मागण्या गूगल 'युनिट'मध्ये मोजतं, रोज १०,००० युनिट फुकट देतं आणि कॉमेंटचं एक पान मागवायला एकच युनिट जातं, म्हणजे वाचनालयाचं चॅनल कधीही ती मर्यादा ओलांडणार नाही. तुमच्याकडे संगणक शिकलेला कोणी तरुण असेल तर त्याला एका दुपारचं काम आहे. इथली खास गोष्ट म्हणजे लोक वेळ लिहितात, "१२:४० ला टाळ्या पडतात तिथे मागून कोण बोलतंय ऐका." ती वेळ जपून ठेवा. तासाभराच्या कॅसेटमध्ये ती वेळ हाच पत्ता.

फेसबुकवर तुमच्या पेजवरच्या कॉमेंट तुम्हाला मिळू शकतात, हातानं उतरवल्या तरी चालतील. प्रत्येक कॉमेंटच्या खाली किती वेळापूर्वीची ते लिहिलेलं असतं, त्यावर टिचकी मारली की तिचा स्वतंत्र पत्ता मिळतो, तो घ्या. दुसऱ्यांच्या ग्रुपमध्ये गेलेल्या फोटोंचं काय, हा खरा प्रश्न. ग्रुपमधला मजकूर यंत्रानं वाचायचा अधिकृत रस्ता फेसबुकच्या मेटा कंपनीनं २०२४ मध्ये बंद केला. खिडकीतून घुसणारी हत्यारं मिळतात, पण ती अटींविरुद्ध आहेत आणि दर थोड्या दिवसांनी मोडतात. त्यापेक्षा माणसं नेमा. 'आमचा वाई', 'जुनं सांगली' अशा धर्तीचे जे ग्रुप असतात त्यांत तुमचे सभासद आधीच आहेत. प्रत्येक ग्रुपमागे एकाला सांगा की आपला क्रमांक दिसला आणि खाली कोणी कामाचं बोललं तर आम्हाला कळव. ग्रुपमधल्या शोधात क्रमांक टाकला तरी बरंच हाती लागतं, मात्र तो मजकुरात लिहिलेला असला पाहिजे. पट्टीवरचा क्रमांक त्या शोधात सापडत नाही. म्हणून पोस्ट करताना क्रमांक पट्टीवर आणि मजकुरात, दोन्हीकडे.

व्हॉट्सॲपसाठी एकच मार्ग: वाचनालयाचा एक नंबर ठेवा आणि लोकांना सांगा, ग्रुपवर काही कळलं तर ते इकडे फॉरवर्ड करा. अख्ख्या ग्रुपचं संभाषण एक्स्पोर्ट करून घेऊ नका. तांत्रिकदृष्ट्या ते सोपं आहे, पण त्यात शेकडो लोकांचे फोन नंबर, वाढदिवस, भांडणं सगळं येतं आणि त्यातल्या कोणीही तुम्हाला ते दिलेलं नसतं. ज्यानं माहिती सांगितली त्याला विचारून तेवढाच निरोप घ्या.

व्हॉट्सॲपवर आणखी एक गंमत म्हणजे व्हॉइस मेसेज. सत्तरी ओलांडलेली माणसं टाइप करत नाहीत, बोलतात, आणि टाइप करणाऱ्यांपेक्षा दसपट माहिती देतात. आवाजाची मूळ फाइल त्याच क्रमांकाखाली ठेवा आणि मजकूर उतरवून घ्या. यंत्रानं उतरवलेलं मी पहिला खर्डा म्हणून वापरतो, पण वाळवा-शिराळ्याकडची किंवा पाटणकडची बोली आली की यंत्र गडबडतं, आणि नेमकी गावांची, आडनावांची, शेताच्या तुकड्यांची नावं बिघडवतं. त्या मातीतल्या माणसानं एकदा ऐकल्याशिवाय तो खर्डा नोंदीत घेऊ नका.

कुणाच्या स्वतःच्या साइटवर तुमच्या फोटोवर लेख आला तर ते कळायला वेबमेन्शन नावाची सोय आहे. तुमच्या पानाचा दुवा तिकडे दिला की इकडे आपोआप निरोप येतो, अर्थात दोन्ही बाजूंनी ती सोय असेल तर. आपल्याकडच्या साइटींवर ती क्वचितच असते. फोटो देऊन तो आणखी कुठे आहे ते शोधायची सोय, म्हणजे गूगल लेन्स किंवा टिनआय, अधूनमधून महत्त्वाच्या फोटोंपुरती चालवा. सगळ्यांसाठी नको, जीव जाईल.

हे सगळं गोळा करून ठेवायचं कुठे? साध्या स्प्रेडशीटमध्ये. सॉफ्टवेअर नंतर बघा. एका ओळीत एक कॉमेंट. आधी दाखल क्रमांक, मग ती कुठे सापडली आणि तिचा पत्ता, लिहिल्याची तारीख आणि तुम्ही उतरवल्याची तारीख, लिहिणाऱ्यानं तिथे लावलेलं नाव, आणि मग मजकूर, जसाच्या तसा. शुद्धलेखन सुधारू नका. "भाऊ न्हवं, त्ये आबा हायती" असं असेल तर तसंच. शोधण्यासाठी शेजारच्या रकान्यात तोच मजकूर प्रमाण मराठीत लिहा. रोमन लिपीतली मराठी असेल तर तीही तिथे देवनागरीत आणा. यात एक छुपा त्रास आहे. 'ॲ' हे अक्षर कोणी एकाच चिन्हानं टाइप करतं, कोणी 'अ' वर चंद्र देऊन. 'सुऱ्या'मधला र दोन तऱ्हांनी टाइप होतो. डोळ्याला सारखंच दिसतं, शोधताना मात्र सापडत नाही. सुधारलेल्या रकान्यात एकच पद्धत ठेवा.

कॉमेंट फोटोच्या कुठल्या भागाबद्दल आहे यासाठीही रकाना हवा. "मागच्या रांगेत डावीकडून तिसरे" यातला डावा बघणाऱ्याचा की बसलेल्यांचा, यावरून मी मोठमोठ्या माणसांना भांडताना पाहिलंय. वेबवरच्या टिपांसाठी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेनं २०१७ मध्ये एक प्रमाण नमुना जाहीर केला, त्याची कल्पना साधी आहे: टीप वेगळी, ती ज्याबद्दल आहे ती वस्तू वेगळी, आणि वस्तूतला नेमका भाग वेगळा. चित्राचा भाग चार आकड्यांत सांगता येतो, डावीकडून किती, वरून किती, रुंदी किती, उंची किती. हे आकडे टक्क्यांत लिहा, म्हणजे फोटो लहानमोठा झाला तरी बिघडत नाहीत. मोठी संग्रहालयं चित्रं दाखवायला ट्रिपल-आय-एफ नावाची पद्धत वापरतात, तिच्यातही हेच आकडे चालतात. उद्या तुमचा संग्रह तिकडे न्यायचा झाला तर शीटमधल्या ओळी जवळजवळ तशाच जातील. आज त्यासाठी काही विकत घ्यायची गरज नाही.

कोणत्या प्रतीवर कॉमेंट आली तेही टिपा. हल्ली जुने फोटो यंत्राकडून रंगवून फिरवले जातात. एका लग्नाच्या फोटोखाली फेट्याचा रंग कुठल्या घराण्याचा यावर लांबलचक चर्चा वाचली. रंग यंत्रानं भरलेला होता. मूळ फोटो काळापांढरा.

आता सगळं आलं, पण नोंदीत काय जावं? बहुतेक कॉमेंट "खूप छान", "दुर्मीळ", "जय शिवराय", हात जोडलेले. त्या वाईट नाहीत, त्यांच्यावरून कुठला फोटो लोकांना भिडतो ते कळतं. पण त्यांची एकेक ओळ भरत बसू नका. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जानेवारी २००८ मध्ये सुमारे तीन हजार फोटो फ्लिकर या फोटोंच्या साइटवर ठेवून हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत सात हजारांहून जास्त कॉमेंट आल्या आणि त्यांच्या आधारे पाचशेहून जास्त कॅटलॉग नोंदी सुधारल्या. जगभरचे लोक, तयार कर्मचारी, तरी प्रमाण एवढंच. तुमच्याकडे शंभरातून पाच-सात कामाच्या निघाल्या तर काम उत्तम चाललंय असं समजा.

एकत्र आणल्याचा खरा फायदा कुठे होतो ते मिरज स्टेशनच्या एका फोटोवरून सांगतो. घरगुती अल्बममधला फोटो, तारीख नाही. मिरज हे एकेकाळी तिन्ही गेजचं, म्हणजे ब्रॉड, मीटर आणि नॅरो अशा तिन्ही रुंदीच्या रुळांचं जंक्शन होतं. बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज तिथे १९२७ मध्ये आली, मीटरगेज आधीपासून होती, आणि पुण्याकडची लाइन सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉडगेज झाली. फेसबुकवर एकानं ठामपणे लिहिलं, "मीटरगेजचा डबा दिसतोय, म्हणजे ७१ च्या आधीचा." खाली ढीगभर लाइक. फ्लिकरवर एका रेल्वेवेड्यानं मात्र रुळांमधलं अंतर बघून सांगितलं की पलीकडचा रूळ ब्रॉडगेजचा आहे. व्हॉट्सॲपवर एका निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याचा व्हॉइस मेसेज आला की बेळगावमार्गे लोंढ्याकडे जाणारी मीटरगेज पुढे नव्वदीपर्यंत होती, ते स्वतः त्या गाडीवर ड्यूटीला होते. तिघांनी एकमेकांचं काहीच वाचलेलं नव्हतं. एका ओळीखाली एक ठेवल्यावर उत्तर समोर आलं: ब्रॉडगेज आल्यानंतरचा आणि लोंढ्याची मीटरगेज जायच्या आधीचा, म्हणजे सत्तर ते नव्वदच्या दरम्यान. सगळ्यात जास्त लाइक मिळालेलं म्हणणं चुकीचं होतं. लाइकचा रकाना माझ्या शीटमध्ये नाही, तुम्हीही ठेवू नका.

त्याऐवजी सांगणाऱ्याला ते कसं माहीत, याचा रकाना ठेवा. स्वतः पाहिलेलं, घरात ऐकलेलं, कागद दाखवून सांगितलेलं, की अंदाज. आणि त्यापुढे तुमचा निर्णय: नोंदीत घेतलं, दुसऱ्या पुराव्याची वाट बघतोय, किंवा घेतलं नाही आणि का. 'का' लिहाच. तीच चुकीची माहिती दोन वर्षांनी दुसऱ्या ग्रुपवरून पुन्हा येते आणि तेव्हा ग्रंथपाल बदललेला असतो.

आपल्या दोन जिल्ह्यांत एक सापळा ठरलेला आहे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले, दक्षिण सातारा वेगळा झाला, आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधी सांगली, मिरज, जत, औंध, फलटण ही संस्थानं होती. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात, पण ती वसली औंध संस्थानच्या जमिनीवर. त्यामुळे प्रतिसरकारच्या काळातल्या फोटोवर तुम्ही 'सातारा जिल्हा' लिहिलंत की खाली कॉमेंट येणारच, "चूक, हे आमच्या सांगलीत." दोघंही बरोबर असतात. स्थळाचे दोन रकाने करा, तेव्हाचं आणि आताचं, म्हणजे निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

याच काळाच्या फोटोंबद्दल एक कडक नियम पाळा. भूमिगत चळवळीच्या फोटोखाली "हा फितूर झाला", "यानं पत्ता सांगितला" असं लिहिणारे निघतात. त्या माणसाची नातवंडं त्याच गावात राहतात. असली कॉमेंट शीटमध्ये ठेवा, पण वेगळ्या, बंद पानावर. नोंदीच्या पानावर ती कागदोपत्री पुराव्याशिवाय कधीही आणू नका, आणि पुरावा मिळाला तरी कार्यकारिणीसमोर ठेवून मगच.

कोयनेच्या बाबतीत वेगळी काळजी. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलेल्या गावांचे फोटो तुमच्याकडे असतील तर त्यांची माणसं आता वेगवेगळ्या जिल्ह्यांत पांगलेली आहेत आणि त्यांचे स्वतःचे ग्रुप आहेत. घराचा उंबरा, देवळाचा पार, पाणवठा हे सांगणारी माहिती दुसरीकडे कुठेही मिळणार नाही. पण त्यातच ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात घरातलं कोण गेलं हेही येतं. देवळाची जागा नोंदीत घ्या. घरातल्या मृत्यूची गोष्ट सांगणाऱ्याला विचारल्याशिवाय घेऊ नका.

कायद्याचं थोडक्यात. कॉमेंट हे लिहिणाऱ्याचं लेखन आहे. आपल्याकडे ते त्याच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं त्याचं. त्यातलं तथ्य मात्र कोणाच्या मालकीचं नसतं. म्हणून नोंदीत माहिती आपल्या शब्दांत लिहा आणि खाली श्रेय द्या. शब्दशः छापायची असेल तर परवानगी घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात स्वतःहून जाहीर केलेल्या स्वतःच्या माहितीला सूट आहे, पण बंद ग्रुपमध्ये बोललेलं किंवा दुसऱ्या जिवंत माणसाबद्दल सांगितलेलं त्या सुटीत बसत नाही. फोन नंबर शीटमध्ये नकोच, परत संपर्कासाठी लागतो तो वाचनालयाच्या फोनमध्येच राहू दे. कोणी कॉमेंट मागे घेतली आणि तुम्हाला कळवलं, तर त्याचं नाव काढा.

आता परत उत्तर देणं. बहुतेक संस्था इथेच थांबतात आणि मग लोक सांगायचे बंद होतात. नोंद बदलली की ज्या ठिकाणी ती माहिती आली त्याच ठिकाणी जाऊन लिहा, "आपण सांगितल्यावरून नोंद दुरुस्त केली, पान इथे आहे." फेसबुकवर तर फेसबुकवर, ग्रुपवर तर ज्यानं फॉरवर्ड केलं त्याच्याकरवी ग्रुपवर. हे एकदा दिसलं की पुढच्या फोटोखाली "छान" लिहिणारा माणूस "मागे दिसतोय तो वाडा अजून आहे, उद्या फोटो काढून पाठवतो" असं लिहायला लागतो. माहिती घेतली नसेल तरी कळवा, कारणासकट. रागावतात काही जण. रागावलेला माणूस कधीकधी पेटी उघडून मूळ कागद घेऊन येतो, तेव्हा तोही आपल्या कामाचाच.

नुसते दुवे जमवून समाधान मानू नका, मजकूर उतरवून घ्याच. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. दुवे होते त्यांच्या हातात दुवेच राहिले. जाहीर पानं असतील तर वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या, इंटरनेट अर्काइव्हच्याच वेबॅक मशीनमध्ये साठवायला टाका, आणि शीटची एक प्रत दर महिन्याला वाचनालयाच्या इमारतीबाहेर कुठेतरी जाऊ द्या. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलेलं आम्ही सांगलीकरांनी पाहिलंय. तळमजल्यावरच्या संगणकाचा भरवसा आमच्याकडे कोणी देणार नाही.

राहिला जुन्या पोस्टचा प्रश्न, कारण तुम्ही बरंच काही क्रमांकाशिवाय आधीच टाकून बसलात. कॉमन्सवर वर्णनं बदलता येतात, तीही एकत्र, अनेक फायलींची. फेसबुकवर पोस्टचा मजकूर बदलता येतो, चित्र नाही, म्हणून मजकुरात क्रमांक घाला. यूट्यूबवर वर्णनाच्या पहिल्याच ओळीत घाला, कारण खालच्या ओळी कोणी उघडत नाही. इंटरनेट अर्काइव्हवर वस्तूच्या माहितीत घाला. व्हॉट्सॲपवर गेलेलं परत येत नाही, तिथे पट्टीवाली नवी प्रत पुन्हा सोडा आणि सोबत एक नेमका प्रश्न विचारा: "उजवीकडची इमारत कोणती?" "ओळखा पाहू" असं मोघम विचारलंत की कोड्याची उत्तरं येतात. सुरुवात सगळ्या संग्रहापासून करू नका. ज्यांच्याखाली आधीच चर्चा झालीय असे पन्नासेक फोटो निवडा, त्यांना क्रमांक द्या, त्यांच्या जुन्या कॉमेंट शीटमध्ये उतरवा. आठवड्यातून एक दुपार, एका माणसाला. कार्यकारिणीकडे सॉफ्टवेअरसाठी पैसे असतील तर ते त्या माणसाच्या मानधनाला द्या.